भाचीची फिनिश आणि आमची बोली

आमच्या आपाची थोरली मुलगी फिनलंडला शिकायला निघाली, तेव्हा मोहल्ल्यात जो भेटेल तो एकच प्रश्न विचारायचा, "तिकडे कुठली जबान बोलतात?" कुवेत, बहरीन, दोहा, जिद्दा ही नावे महाड-पोलादपूरच्या मुस्लिम घरांतल्या लहान मुलांनाही ठाऊक असतात. बहुतेक घरांतले कोणी ना कोणी तिकडे राबून आले आहे. फिनलंडचे नाव मात्र आमच्यापैकी अनेकांनी नोकियाच्या मोबाइलमुळेच ऐकले होते. आम्ही उत्तर द्यायचो, "जबान वेगळी आहे, पण शिक्षण सगळं इंग्रजीत आहे." विद्यापीठाच्या पत्रातही तसेच लिहिले होते आणि ते खरे होते.

तांपेरे हे दोन मोठ्या तलावांच्या मधोमध वसलेले शहर. तिथल्या विद्यापीठात पाण्याच्या व्यवस्थापनाशी संबंधित दोन वर्षांचा अभ्यासक्रम तिने निवडला. जुलै २०२१ मध्ये सावित्री आणि गांधारीचे पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरले तेव्हा ती इथेच होती. गच्चीवर काढलेल्या त्या रात्रीनंतर तिने पाण्याचाच अभ्यास करायचे ठरवले. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या विद्यार्थ्यांकडून फिनलंडमध्ये २०१७ पासून शुल्क घेतात. काही भाग शिष्यवृत्तीत सुटला. बाकीच्यासाठी बँकेचे कर्ज निघाले, आपाच्या बांगड्या गेल्या आणि भाईजानच्या वाट्याची पोलादपूरकडची वरकस जमीनही विकली गेली. त्यामुळे ही गोष्ट एका मुलीच्या शिक्षणाची आहे, तशीच एका घराच्या पुंजीचीही आहे.

पहिल्याच सहामाहीत विद्यापीठाने परदेशी विद्यार्थ्यांसाठी ठेवलेला रोजच्या फिनिशचा वर्ग तिने घेतला. त्याचे गुण फारसे मोजले जात नव्हते. सोबतची काही मुले म्हणाली, "इथे सगळ्यांना इंग्रजी येतं, कशाला डोकं खपवतेस?" तिने तरी नाव घातले. कारण अगदी घरगुती होते. दुकानातल्या पाकिटांवर फिनिश आणि स्वीडिश या तिथल्या दोन राजभाषांतच मजकूर असतो. डुकराच्या मांसाला 'सिअनलिहा' म्हणतात आणि जिलेटिनला 'लीवते', हे दोन शब्द तिने सर्वांत आधी पाठ केले. कोणत्या पाकिटाला हात लावायचा नाही, हे त्यातून कळले. मग खाण्याचे शब्द आले. 'लेइपॅ' म्हणजे पाव, 'माइतो' म्हणजे दूध, 'कना' म्हणजे कोंबडी आणि 'कला' म्हणजे मासा. हे शेवटचे ऐकून आमच्या अम्मी खूप हसल्या. म्हणाल्या, "मग आपला सगळा कोकण कलाकारच की!"

दर रविवारी संध्याकाळी तिचा फोन यायचा. हिवाळ्यात तिकडचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते. आमची मगरिबची नमाज झालेली असायची आणि तिच्याकडे दुपार असूनही अंधार पडत आलेला असायचा. आठवड्यात काय शिकली ते ती सांगायची आणि आम्ही घरची सगळी मंडळी तिच्यामागे म्हणायचो. आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो, त्यामुळे नवीन भाषा घरात आली की तिची मोडतोड करून पाहण्याची खोड जात नाही.

तिच्या वर्गात सगळे एकाच गोष्टीला घाबरत. फिनिशमध्ये पंधरा विभक्ती आहेत. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हा आकडा डोंगराएवढा वाटतो. पण तिने 'तलो' म्हणजे घर हा शब्द सांगितला आणि पुढे 'तलोस्सा' म्हणजे घरात, 'तलोस्ता' म्हणजे घरातून असे म्हटले, तेव्हा आम्हाला त्यात आपलाच व्यवहार दिसला. इंग्रजीत शब्दाच्या आधी वेगळा शब्द ठेवतात. आपण शब्दाच्या शेपटीला प्रत्यय जोडतो आणि फिनिश लोकही तेच करतात. प्रत्यय लागताना मूळ शब्द थोडा बदलतो, तेही आपल्यासारखेच. आपला 'रस्ता' प्रत्यय लागताच 'रस्त्या' होतो, म्हणून आपण 'रस्त्यावर' म्हणतो. त्यांचा 'कतु' म्हणजे रस्ता आणि 'कदुल्ला' म्हणजे रस्त्यावर. सामान्यरूप म्हणून पाचवी-सहावीच्या मुलांना आम्ही जे शिकवतो, ते तिथे कामाला आले.

आणखी दोन गोष्टी अशाच जुळल्या. 'माझ्याकडे पुस्तक आहे' हे सांगायला इंग्रजीत वेगळे क्रियापद लागते. फिनिशमध्ये 'मिनुल्ला ओन किर्या' म्हणतात, म्हणजे शब्दशः 'माझ्यापाशी आहे पुस्तक'. नकाराचेही तसेच. आपण 'मी नाही, तू नाहीस, ते नाहीत' असे नकारालाच माणसाप्रमाणे वळवतो. त्यांचे 'एन, एत, एइवॅत' त्याच चालीचे आहे. भाचीने हे वर्गात सांगितले, तेव्हा शिकवणाऱ्या बाईंनी तिला फळ्यावर मराठी वाक्ये लिहायला लावली. इंग्रजी माध्यमातून इंजिनीअर झालेल्या मुलीला आपल्या मायबोलीचा हिशेब पहिल्यांदा तिथे उपयोगी पडला.

उच्चाराच्या बाबतीत आमच्या अम्मींनी तिची शिकवणी घेतली. फिनिशमध्ये स्वर लांबला किंवा व्यंजन दुप्पट झाले की अर्थ बदलतो. 'तुलि' म्हणजे आग, 'तूलि' म्हणजे वारा आणि 'तुल्लि' म्हणजे जकात. 'तपान सिनुत' म्हणजे मी तुला भेटते, पण 'पा' लांबवायचा राहिला आणि 'तपन सिनुत' झाले की अर्थ होतो मी तुला ठार मारते! वर्गातली युरोपातली काही मुलेही इथे अडखळत होती. अम्मी म्हणाल्या, "यात काय कठीण? मद्द आणि तश्दीद आहे ही." मक्तबमध्ये मौलवीसाहेबांसमोर कायदा उघडून बसलेल्या मुलाला कुठे ओढायचे आणि कुठे जोर द्यायचा हे वयाच्या सहाव्या वर्षीच कळलेले असते. भाचीचा कान तिथेच तयार झाला होता.

इतके सारे जुळून आले, तेव्हा आम्हाला वाटले की आता गाडी रुळावर आली. पहिली परीक्षा तिने चांगल्या गुणांनी पार केली. पण पहिल्या उन्हाळ्यात तिचा एके दिवशी फोन आला तो रडवेला. "खाला, मी वर्गात जी फिनिश शिकले ती इथे कोणी बोलतच नाही!"

झाले होते असे. शहरात पाण्याच्या कामाशी संबंधित एका ठिकाणी उन्हाळी नोकरीसाठी ती मुलाखतीला गेली होती. मुलाखत इंग्रजीत नीट झाली. मग तिला कामाच्या जागेवर नेले. तिथले मुकादम आणि फिटर आपसात बोलत होते आणि तिला त्यातले एक वाक्यही लागले नाही. "मी आहे" याला पुस्तकात 'मिनॅ ओलेन' म्हणतात. ते म्हणत होते 'मॅ ओऽन'. 'तुझ्याकडे आहे का' याला पुस्तकात 'ओन्को सिनुल्ला', त्यांच्या तोंडी 'ओन्क्स सुल्ला'. एक-दोन मोजतानासुद्धा 'युक्सि, कक्सि' न म्हणता 'युक्स, कक्स'. पुस्तकात माणसासाठी, बाई असो वा पुरुष, 'हॅन' हे एकच सर्वनाम आहे. बोलताना मात्र ते माणसालाही 'से' म्हणतात, म्हणजे 'ते', जसे वस्तूला म्हणावे तसे. त्यात अनादर मुळीच नसतो. नोकरी तिला मिळाली नाही. सांगितले गेले ते सभ्य शब्दांत, की जागेवर काम करणाऱ्याला लोकांचे बोलणे समजायला हवे.

त्या रात्री भाईजान बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "शिक्षण संपल्यावर काम शोधायला दोन वर्षांचा परवाना मिळतो म्हणतात. पण बँक दोन वर्षं थांबणार आहे का? तिला म्हणावं, परत ये. इथे एमआयडीसीत काहीतरी बघू." आपा काहीच बोलल्या नाहीत. गेलेल्या बांगड्यांबद्दल त्यांनी आजवर शब्दही काढलेला नाही.

तेव्हा आमच्या मामूंनी तोंड उघडले. मामू पंचवीस वर्षे कुवेतमध्ये होते. ते म्हणाले, "मी गेलो तेव्हा कुरआन शरीफ नाझिरा पूर्ण झालेला होता, अरबी अक्षर अन् अक्षर वाचता येत होतं. तरी पहिल्या दिवशी खुब्ज, म्हणजे रोटी, मागता येईना." किताबी अरबीत खुशाली विचारायची तर 'कैफ हालुक'. कुवेतमधला ड्रायव्हर म्हणतो 'शलोनक', ज्याचा शब्दशः अर्थ होतो 'तुझा रंग काय'. मामूंनी ही अरबी बेकरीवाल्याकडून, मालाच्या गाडीवरच्या माणसांकडून आणि शेजारच्या इमारतीच्या चौकीदाराकडून घेतली. सहा महिन्यांत त्यांचे बोलणे चालू लागले. त्यांना कोणी वर्ग भरवला नव्हता आणि प्रमाणपत्रही दिले नव्हते. फोनवर त्यांनी भाचीला सांगितले, "बेटा, तुला किताब येते, बाजार येत नाही. मला बाजार आला, किताब राहिली. तू अर्धं काम केलंयस, ते टाकून येऊ नकोस."

भाची परतली नाही. दुसऱ्या वर्षी तिने विद्यापीठातलाच पुढचा वर्ग घेतला. तिथे जे शिकवले जाते ते ऐकून आम्ही थक्क झालो. फिनिशमध्ये भाषेच्या या दोन्ही रूपांना रीतसर नावे आहेत. 'किर्याकिएलि' म्हणजे पुस्तकाची भाषा आणि 'पुहेकिएलि' म्हणजे बोलण्याची भाषा. 'किएलि'चा अर्थ भाषा आणि जीभ असा दोन्ही, आपल्या 'जबान'सारखाच. बाई वर्गात दोन्ही रूपे शेजारी शेजारी लिहितात. अर्ज लिहिताना हे, बसथांब्यावर ते. दुसरे रूप अशुद्ध आहे किंवा अडाण्यांचे आहे असे त्या सांगत नाहीत, कारण त्या स्वतः घरी तेच बोलतात.

याच्या मागे त्या देशाचा इतिहास आहे. अनेक शतके फिनलंड स्वीडनच्या अमलाखाली होता आणि १८०९ नंतर रशियाच्या. कचेरी, न्यायालय आणि विद्यापीठ यांची भाषा स्वीडिश होती. फिनिश ही शेतकऱ्यांची, मोलमजुरी करणाऱ्यांची भाषा मानली जायची. मिकाएल अग्रिकोला यांनी १५४३ मध्ये फिनिशमधले पहिले पुस्तक छापले, तेही मुळाक्षरांचे, आपल्या कायद्यासारखे. पण कचेरीच्या दारात त्या भाषेला जागा मिळायला आणखी तीनशे वर्षे गेली. एलियास ल्योनरोत नावाचा एक डॉक्टर खेड्यापाड्यांतून पायी हिंडला आणि अक्षरओळख नसलेल्या लोकांच्या तोंडची गाणी त्याने टिपून घेतली. त्यातून १८३५ मध्ये 'कालेवाला' हे महाकाव्य छापले गेले. १८६३ मध्ये फिनिशला कारभारात स्वीडिशच्या बरोबरीचा दर्जा देण्याचा हुकूम निघाला आणि त्यासाठी वीस वर्षांची मुदत ठरली. त्याच साली युवॅस्क्युलॅ या गावी फिनिश भाषेतून शिक्षक घडवणारे पहिले अध्यापक विद्यालय सुरू झाले. बीएड झालेल्या माणसाला हा शेवटचा तपशील वाचून बरे वाटते. भाषेला कायद्याने दर्जा देऊन ते थांबले नाहीत, ती शिकवणारा मास्तरही त्याच वर्षी तयार करायला घेतला.

तिथल्या मुस्लिमांची गोष्टही भाचीने आम्हाला सांगितली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रशियातल्या निझ्नी नोवगोरोद भागातल्या खेड्यांतून तातार मुस्लिम व्यापारी कापड आणि फर विकत फिनलंडला आले. हेलसिंकी, तांपेरे, तुर्कू या शहरांत ते स्थिरावले आणि १९२५ मध्ये त्यांची जमात सरकारदरबारी रीतसर नोंदली गेली. ही मंडळी मोजकी, शंभराच्या पटीत मोजावीत इतकीच. पण पिढ्या गेल्या तरी घरात तातार बोलतात आणि बाहेर फिनिश, तीही तिथल्या शेजाऱ्यासारखी. ईदच्या नमाजनंतर अशाच एका वयस्क बाईंनी भाचीला घरी नेले, चहा पाजला आणि सांगितले, "मुली, माझ्याशी इंग्रजी बोलू नकोस. चुकलीस तरी फिनिशच बोल." त्यानंतर महिन्यातून दोनदा ती त्यांच्याकडे जाऊ लागली. आपल्या दीनमध्ये दुसऱ्याची भाषा शिकण्याला मोठा मान आहे. हजरत जैद बिन साबित (रजि.) यांनी प्रेषितांच्या (सल्ल.) सांगण्यावरून यहुद्यांची लिपी अवघ्या पंधरवड्यात शिकून घेतली होती, हे आपण मुलांना सांगतोच. त्या बाईंच्या स्वयंपाकघरात भाचीला जे मिळाले, ते त्याच वाटेवरचे होते.

या वर्षी मे महिन्यात तिला चार महिन्यांचे उन्हाळी काम मिळाले. त्यात जलवाहिन्यांच्या तपासणीला जाणाऱ्या पथकाबरोबर हिंडायचे असते. पगारातून कर्जाचे हप्ते निघू लागले आहेत. पक्की नोकरी अजून नाही आणि पुढे तिथेच राहायचे ठरले तर नागरिकत्वासाठी फिनिशची वेगळी सरकारी परीक्षा द्यावी लागेल. भाईजानची काळजी पूर्ण मिटलेली नाही. तरी रविवारच्या फोनवर आता तेच आधी विचारतात, "या आठवड्यात मुकादम काय बोलला?"

हे सगळे आम्ही मासिकात का लिहीत आहोत, तर भाचीच्या फिनिशकडे बघता बघता आम्हाला आपल्या घरांतली मुले दिसू लागली म्हणून. आमच्या वर्गात येणारे मूल घरी कोकणी बोलते. शाळेत ते उर्दू वाचते, आणि बाजारात, तहसील कार्यालयात, एसटी स्टँडवर त्याला मराठी लागते. शिवाय मक्तबमध्ये अरबी. पाच-सहा वर्षांच्या जिवाला इतक्या भाषा येतात, हे खरे तर धन आहे. पण होते काय? मूल 'पाणी'ऐवजी 'पानी' म्हणते आणि वर्ग हसतो. घरी पाहुण्यांसमोर ते कोकणीत बोलले की आईच त्याला गप्प करते, "नीट बोल!" हळूहळू ते मूल बोलायचेच थांबते. दहावीला मराठीत चांगले गुण मिळवणाऱ्या मुली बँकेत खाते उघडायला भावाला सोबत नेतात, कारण काउंटरवरच्या माणसाला दोन वाक्ये बोलायचा धीर होत नाही. त्यांना किताब आली आहे, बाजार राहिला आहे.

बीएडला आम्हा सर्वांना भाषेची चार कौशल्ये शिकवली जातात, आणि ती क्रमाने येतात. श्रवण, भाषण, वाचन, लेखन. शाळेत मात्र आपण तिसऱ्यापासून सुरुवात करतो आणि चौथ्याचे गुण देतो. पहिल्या दोन कौशल्यांचे काम घरावर सोडलेले असते. मग घरानेही ते केले नाही तर मूल कुठे जाईल?

म्हणून या वाचकांना, विशेषतः आयांना, आमचे काही मागणे आहे. घरची बोली बंद करू नका. नानी-दादीची कोकणी ही मुलाची पहिली शाळा आहे आणि पुढच्या सगळ्या भाषा तिच्याच पायावर उभ्या राहतात. किराणा, दवाखाना आणि रेशन दुकान इथे मुलीला सोबत न्या आणि बोलण्याचे काम तिला करू द्या. ती अडखळली तर दुकानदारासमोर तिच्या वतीने बोलू नका, जरा थांबा. आणि घरात कोणी परदेशी राहून आलेले असेल, तर त्यांची बाजारातली अरबी मुलांना ऐकवायला सांगा. मामूंसारख्या माणसांकडे मोठा साठा असतो, तो कोणी विचारला नाही म्हणून तसाच राहतो.

आमच्या पाचवीच्या वर्गात जूनपासून प्रत्येक मुलाकडे एक वही आहे. पानाच्या मधोमध रेघ मारलेली. उजवीकडे घरचा शब्द, डावीकडे पुस्तकातला. रोज पाच शब्द. कोकणी शब्द कोणत्या लिपीत लिहायचा यावर मुलांचे भांडण झाले, तेव्हा ज्याला जी येते त्या लिपीत लिहा, असे आम्ही सांगितले. भाचीच्या फिनिशच्या पुस्तकाचे नाव 'सुओमेन मेस्तरि', फिनिशमधला उस्ताद. त्यातला 'मेस्तरि' आणि आपला भिंत बांधणारा 'मेस्त्री' हे दोन्ही शब्द लॅटिनच्या एकाच मुळातून आले आहेत. तो स्वीडनकडून तिकडे गेला आणि हा पोर्तुगीजांबरोबर इकडे आला. मुलांना हे सांगितले, तर मागच्या बाकावरचा एक मुलगा, ज्याचे वडील गवंडीकाम करतात आणि जो सहसा तोंड उघडत नाही, तो उठून उभा राहिला. "सर्वांच्या वहीत लिहायचा का हा शब्द?" त्याने विचारले. आम्ही म्हटले, "लिहा." आणि त्या दिवशी उजवीकडच्या रकान्यासाठी मेस्त्रीच्या हत्यारांची नावे त्यानेच सगळ्या वर्गाला सांगितली.